मकपेलाची गुहा : खरेदीखत, सनद आणि वहिवाट

जमिनीचे खरेदीखत ज्याने एकदा तरी नीट वाचले आहे, त्याने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा २३वा अध्याय काढून वाचावा. भाषा ओळखीची वाटेल. ज्यू आणि अरब दोघेही ज्याला आपला मूळ पुरुष मानतात त्या अब्राहामाची बायको सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोनात वारली. अब्राहाम त्या गावचा नव्हे. 'मी तुमच्यात उपरा आहे' असे तो स्वतःच गावकऱ्यांना सांगतो आणि पुरण्यापुरती जागा मागतो. एफ्रोन हित्ती म्हणतो, घे तशीच. अब्राहाम फुकट घ्यायला तयार नाही. मग एफ्रोन किंमत सांगतो, ४०० शेकेल वजनाचे रुपे, आणि वर म्हणतो की तुझ्यामाझ्यात एवढ्याचे काय! गावच्या वेशीत, जमलेल्यांच्या कानांवर घालून, व्यापारात चालते तसे रुपे तोलून दिले जाते. मग येते ती ओळ: मम्रेसमोरचे मकपेलातले एफ्रोनाचे शेत, त्यातली गुहा आणि शेताच्या चतुःसीमेतली सगळी झाडे अब्राहामाच्या मालकीची झाली. आपल्याकडच्या जुन्या सनदांत 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' असे सगळे मोजून लिहीत. हीसुद्धा तसलीच भाषा.

ती गुहा ज्या गावात आहे ते हेब्रोन जेरुसलेमच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर, वेस्ट बँकेत आहे. अरब त्याला अल-खलील म्हणतात. ज्यू आणि अरब यांच्या ऐतिहासिक हक्कांवर बोलताना माणसे लगेच 'आधी कोण आले' यावर घसरतात आणि चार हजार वर्षांच्या अंतरावरून एकमेकांवर तारखा फेकतात. म्हणून मी हे एकच गाव घेतले. इथे दोन्ही बाजूंचा दावा एका इमारतीत आणि तिच्याजवळच्या सव्वा एकर जमिनीत बघता येतो. आणि इथे मला जे दिसते ते असे की दोघांचेही या जागेशी असलेले नाते खरे आहे. भांडण जिवावर उठते ते नात्याचा पुरावा हाच ताब्याचा हुकूम म्हणून वापरला जातो तेव्हा.

दोन दस्त

ज्यूंचा दस्त वर आलाच. त्यांच्या परंपरेत असे म्हणतात की तीन जागांबद्दल कुणी आम्हाला 'चोरलीत' म्हणू शकत नाही, कारण त्या रोख पैसे मोजून घेतल्या: जेरुसलेमची मंदिराची टेकडी, योसेफाची कबर आणि ही गुहा. सारेच्या मागून इथे अब्राहाम, इसहाक, रिबका, याकोब आणि लेआ यांना पुरले, असे ग्रंथ सांगतो. दावीद राजानेही जेरुसलेमला जाण्याआधी साडेसात वर्षे इथून राज्य केले.

मुसलमानांकडेही दस्त आहे, तो इनामाचा. लख्म टोळीतला तमीम अल-दारी हा ख्रिस्ती माणूस मुसलमान झाला आणि पैगंबरांच्या सोबत्यांत गणला गेला. अरब सैन्य पॅलेस्टाइनमध्ये पोचायच्या आधीच पैगंबरांनी त्याला हेब्रोन आणि आसपासची गावे बहाल केली, अशी परंपरा आहे. त्या देणगीतून वक्फ झाला आणि पिढ्यानपिढ्या चालला. अरब आपले मूळ अब्राहामाचा मुलगा इश्माएल याच्याकडे नेतात, ज्यू इसहाकाकडे. कुराणात इब्राहिमाला, म्हणजे याच अब्राहामाला, अल्लाहने 'खलील', म्हणजे जिवलग, मानले आहे. गावाचे अरबी नाव त्यावरून पडले. हिब्रू 'हेव्रोन'ही मित्र या अर्थाच्या शब्दाशी जोडतात.

इतिहासकाराच्या कसोटीवर दोन्ही कागद तोकडे पडतात. अब्राहाम नावाचा माणूस होऊन गेला याला ग्रंथाबाहेर पुरावा नाही, आणि तो अध्याय आज आहे त्या रूपात लिहिला गेला तो त्यात वर्णिलेल्या काळाच्या फार नंतर. तमीमच्या सनदेच्या अस्सलपणावरही अभ्यासकांत वाद आहे. तेल रुमैदा या टेकडीवर कांस्ययुगातल्या शहराची तटबंदी सापडली आहे, म्हणजे गाव फार जुने यात शंका नाही. पण तटबंदीचे दगड कुणाच्या बाजूने साक्ष देत नाहीत. शिवाय खरेदीखत खरे मानले तरी ते एका शेताचे, एका गुहेचे आणि काही झाडांचे आहे. गावाचे नाही, देशाचे तर नाहीच. विकत घेणारा स्वतःला उपरा म्हणवतो आणि तिथे आधी राहणाऱ्यांना मान देऊन, त्यांच्या साक्षीने घेतो. या दस्तावरून सबंध प्रदेश मागणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा असे मला फार वाटते.

भिंती हेरोदाच्या, छत इतरांचे

गुहेवरची इमारत मात्र खणखणीत पुरावा आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात यहुदियाचा राजा हेरोद याने गुहेभोवती सुमारे ६० मीटर लांब आणि ३४ मीटर रुंद असा दगडी कोट बांधला. त्यातले काही चिरे सात मीटरहून लांब आहेत. त्या भिंती आजही मूळच्या जागी उभ्या आहेत. हेरोदाच्या काळातली इतकी शाबूत इमारत दुसरी दाखवणे कठीण. आतले मात्र बदलत गेले. बायझंटाइन काळात चर्च, सातव्या शतकात अरब आले तेव्हा मशीद, ११०० मध्ये क्रुसेडवाल्यांचे पुन्हा चर्च, ११८७ मध्ये सलाहुद्दीनाची पुन्हा मशीद. त्याने अश्केलोनहून आणवलेले लाकडी कोरीव मिंबर, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाचे आसन, अकराव्या शतकाच्या शेवटी घडवलेले आहे आणि अजून तिथेच आहे. एकाच खोलीत हेरोदाची भिंत, क्रुसेडरांची कमान आणि हे मिंबर.

मला यातली सर्वांत जिवंत साक्ष वाटते ती अन्नाची. फारसी प्रवासी नासिर खुस्रो १०४७ मध्ये इथे आला. त्याने लिहून ठेवले आहे की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एक गोल भाकरी, ऑलिव्हच्या तेलात शिजवलेली मसुराची वाटी आणि मनुका मिळतात. इब्राहीम पाहुण्याशिवाय जेवत नसे, म्हणून त्याच्या दारी कुणी उपाशी जाऊ नये ही त्यामागची भावना. ते अन्नछत्र नाव बदलत, जागा बदलत आजही चालू आहे. रमजानात भांडी घेऊन पोरे रांगेत उभी राहतात. कुठलीही सनद खरी की खोटी हे ठरवता आले नाही तरी जवळजवळ हजार वर्षे एखाद्या जागी रोज चूल पेटते, याला वहिवाट म्हणतात. ती खोडून काढता येत नाही.

सातवी पायरी

पण वहिवाटीला दुसरी बाजू आहे, आणि ती अरबांच्या बाजूने बोलणारे सहसा टाळतात. १२६०च्या दशकात मामलुक सुलतान बैबर्सने ज्यूंना आणि ख्रिश्चनांना इमारतीत यायला बंदी केली. पुढे ज्यूंना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढायची मुभा मिळाली. तिथे भिंतीत एक फट होती. त्या फटीत लोक नवसाच्या, गाऱ्हाण्याच्या चिठ्ठ्या सारत. आपल्या मूळ पुरुषाची समाधी भिंतीपलीकडे आहे हे माहीत असलेली माणसे पिढ्यानपिढ्या, जवळपास ७०० वर्षे, त्या पायरीवरून परत गेली. पंढरपूरच्या मंदिरात चोखोबांना आत जाता आले नाही, महाद्वाराशी त्यांची समाधी आहे. १९४७ मध्ये साने गुरुजींना त्यासाठी उपोषणाला बसावे लागले. पायरीचे दुःख मराठी माणसाला निराळे समजावून सांगायला नको.

याच काळात हेब्रोनात ज्यू वस्ती होती. स्पेनमधून हाकललेल्यांचे वंशज आले, १५४० मध्ये 'अव्राहाम अवीनू', म्हणजे 'आमचा पिता अब्राहाम', नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, झाले. ही माणसे अरबी बोलत, बाजारात बसत, मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांत भाड्याने राहत. १९२२च्या खानेसुमारीत गावची लोकसंख्या १६,५७७, त्यात ज्यू ४३०. दोन वर्षांनी लिथुआनियातली एक मोठी धर्मपाठशाळा इथे आली आणि बाहेरून आलेल्या तरुण विद्यार्थ्यांची भर पडली.

२४ ऑगस्ट १९२९. जेरुसलेममध्ये ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिमी भिंतीवरून तणाव चालला होता आणि ज्यू अल-अक्सा मशिदीवर चाल करून येणार अशी आवई उठली होती. ज्यूंच्या संरक्षक दलाने मदत देऊ केली होती, पण हेब्रोनच्या जुन्या ज्यू पुढाऱ्यांनी ती नाकारली. आमचे शेजारी आम्हाला हात लावणार नाहीत, असा त्यांचा विश्वास. शनिवारी सकाळी जमाव घरांत शिरला. रेमंड कॅफेराटा हा एकटा ब्रिटिश पोलीस अधिकारी आणि त्याच्या हाताखाली मूठभर शिपाई. काही तासांत ६७ ज्यू मारले गेले. ज्या दवाखान्यात अरब रुग्णांवरही उपचार होत, तिथला औषधे देणारा अपंग माणूसही त्यात होता. त्याच दिवशी अरब कुटुंबांनी आपल्या घरांत ज्यूंना लपवले, दारात आडवे झाले. ज्यूंच्याच यादीत अशी २८ कुटुंबे आणि त्यांनी वाचवलेले सुमारे ४३५ जीव नोंदलेले आहेत. दोन्ही आकडे एकाच गावाचे, एकाच सकाळचे. एक आकडा सांगून दुसरा गिळणारा माणूस कुठल्याही बाजूचा असो, मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही.

वाचलेल्यांना ब्रिटिशांनी गावाबाहेर नेले. काही परतले, १९३१च्या खानेसुमारीत १३४ ज्यू दिसतात. १९३६ मध्ये अरब बंड पेटल्यावर त्यांनाही हलवले आणि शेकडो वर्षांची वस्ती संपली. १९४८ नंतर गाव जॉर्डनकडे गेले. सिनेगॉग पाडले गेले, त्या जागी जनावरे बांधू लागले.

परत आलेले ते कोण?

जून १९६७च्या युद्धात इस्रायली सैन्य हेब्रोनात शिरले आणि सातव्या पायरीचा नियम एका दिवसात संपला. त्या दिवसाचा आनंद मी समजू शकतो. नंतर तो जिनाच पाडण्यात आला. पण १९६८च्या वल्हांडण सणाला रब्बी मोशे लेव्हिंगर काही कुटुंबे घेऊन गावातल्या पार्क हॉटेलात उतरले, सणापुरत्या खोल्या घेऊन, आणि सण संपल्यावर निघायला तयार झाले नाहीत. सरकारने त्यांना लष्करी आवारात जागा दिली, मग गावालगत किर्यात अर्बा ही नवी वसाहत मंजूर केली. १९७९ मध्ये तिथल्या बायका-मुलांनी रात्रीतून जुन्या दवाखान्याची इमारत, बेत हदासा, ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी तिच्या दारात झालेल्या हल्ल्यात सहा ज्यू ठार झाले, आणि मग सरकारनेही गावठाणातल्या वस्तीला संमती दिली.

या नव्या रहिवाशांचा दावा 'आम्ही १९२९च्या घरी परतलो' असा. ते आणि १९२९ची कुटुंबे यांचा धर्म एक. पण बहुतेकांचे त्या घरांशी रक्ताचे किंवा वारशाचे नाते नव्हते. त्या जुन्या कुटुंबांच्या वारसांतच दोन तट पडले. काहींनी नव्या वस्तीला आशीर्वाद दिला. काहींनी जाहीर सांगितले की हे लोक आमच्या नावाने बोलत नाहीत, आमच्या आजोबांना वाचवणाऱ्यांच्या नातवंडांना छळण्यासाठी आमची घरे वापरू नका. मालकीच्या दाव्यात वारस कोण हा पहिला प्रश्न असतो. इथे तो विचारलाच गेला नाही.

मग २५ फेब्रुवारी १९९४. रमजानमधला शुक्रवार, पहाटेची नमाज. किर्यात अर्बाचा डॉक्टर बारुख गोल्डस्टीन लष्करी गणवेशात मशिदीत शिरला आणि सज्द्यात वाकलेल्या माणसांवर गोळ्या झाडत सुटला. २९ नमाजी मेले, शंभराहून अधिक जखमी झाले. संचारबंदी लागली ती पॅलेस्टिनींवर. इमारत दोन भागांत कापली गेली. इसहाक आणि रिबका यांची दालने मुसलमानांकडे, अब्राहाम-सारा आणि याकोब-लेआ यांची ज्यूंकडे. अब्राहामाच्या कबरीला दोन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या आहेत आणि मध्ये गोळी न शिरणारी काच. वर्षातले दहा दिवस सगळी इमारत एका धर्माची, दुसरे दहा दिवस दुसऱ्याची.

१९९७च्या करारात गावही कापले. सुमारे ८० टक्के पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, २० टक्के इस्रायली लष्कराच्या हाती. त्या वीस टक्क्यांत तेव्हा तीसेक हजार पॅलेस्टिनी होते आणि काहीशे वसाहतवाले ज्यू. एकेकाळची मुख्य पेठ, शुहदा रस्ता, आधी गाड्यांना, मग पायी चालणाऱ्या पॅलेस्टिनींनाही बंद. इस्रायलमधल्याच मानवी हक्क संघटनांनी २००७ मध्ये घरोघर फिरून मोजले: एक हजारावर घरे रिकामी, १,८०० वर दुकाने बंद, त्यांतली किमान ४४० थेट लष्करी हुकमाने. जुन्या बाजाराच्या बोळावर लोकांनी डोक्यावर तारेची जाळी ताणली आहे. वरच्या मजल्यावरच्या ज्यू घरांतून खाली टाकलेला कचरा, बाटल्या, विटा त्या जाळीत अडकून राहतात. खाली दुकानदार कापड विकतो.

सव्वा एकराचा कस

सगळ्या प्रकरणाचा कस लागतो तो घाऊक भाजीबाजाराच्या जागेत. ही जमीन, पाच दुनम म्हणजे साधारण सव्वा एकर, १८०७ मध्ये हेब्रोनच्या स्पेनवंशी ज्यू समाजाने विकत घेतली. इथे अब्राहामाकडे जायची गरज नाही, खरेदी अलीकडची आहे. १९४८ नंतर जॉर्डनच्या शत्रू-मालमत्ता विभागाने ती ताब्यात घेऊन नगरपालिकेला भाड्याने दिली. पालिकेने बाजार बांधला. १९६७ नंतर इस्रायली विभागाने तोच भाडेकरार पुढे चालवला. म्हणजे मूळ मालक ज्यू समाज आणि पालिका संरक्षित कूळ. मुंबई कूळ कायदा आणि १९५७चा कृषकदिन माहीत असलेल्या महाराष्ट्रात हा शब्द कुणाला उलगडून सांगायला नको.

१९९४च्या हत्याकांडानंतर सुरक्षेच्या नावाखाली बाजार बंद केला. २००१ मध्ये एका ज्यू तान्ह्या मुलीला पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्याने गोळी घालून मारले आणि त्यानंतर वसाहतवाले बंद गाळ्यांत घुसले. त्यांना काढले, ते पुन्हा आले, पुन्हा काढले. डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षणमंत्री नफ्ताली बेनेट यांनी तिथे नवी ज्यू वस्ती उभारायचे नियोजन करायला सांगितले. कुळाचा हक्क का संपला, तर म्हणे पालिकेने जागा वापरात ठेवली नाही. वापर कुणी थांबवला? लष्कराच्या हुकमाने. आपल्याकडचा कुठलाही तालुका-वकील ही बाजू ऐकून काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.

तरी मी क्षणभर मानतो की १८०७चा कागद सर्वांवर मात करतो. मग तोच नियम सगळ्यांना लागू करावा लागेल. हेब्रोनच्या दक्षिणेला फव्वार आणि उत्तरेला अरूब अशा दोन निर्वासित छावण्या आहेत. फव्वारमध्ये बैत जिब्रीनची कुटुंबे राहतात. ते गाव हेब्रोनपासून वीसेक किलोमीटरवर, १९४८ पासून इस्रायलच्या हद्दीत. त्यांच्याकडेही तुर्की आणि ब्रिटिश काळातले जमिनीचे उतारे आहेत, घरांच्या किल्ल्या आहेत. इस्रायलच्या १९५०च्या गैरहजर-मालमत्ता कायद्याने त्यांची मालकी सरकारकडे गेली आणि ती परत मिळायचा रस्ता बंद झाला. एकाचा १८०७चा कागद जिवंत आणि दुसऱ्याचा १९४०चा मेलेला, असे म्हणणारा न्याय मला मान्य नाही. हेब्रोनच्या जुन्या ज्यू कुटुंबांच्या वारसांना जमिनीचा मोबदला किंवा कबूल झालेला हक्क मिळाला पाहिजे, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणतो. पण खासगी मालकीचा हक्क वेगळा आणि दुसऱ्यावर लष्कराच्या बळाने राज्य करायचा हक्क वेगळा. पुण्यात माझा वाडा असला म्हणून पुण्यात माझे सैन्य उभे करता येत नाही. व्यापलेल्या प्रदेशात आपले नागरिक नेऊन वसवायला चौथ्या जिनिव्हा कराराची मनाई आहे, आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ च्या मतात या वसाहती बेकायदा असल्याचे सांगितले.

उलट बाजूलाही एक गोष्ट सरळ मान्य करावी लागेल. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने हेब्रोनच्या जुन्या गावाला 'पॅलेस्टाइनचा' धोक्यातला जागतिक वारसा म्हणून नोंदवले, १२ विरुद्ध ३ मतांनी. इस्रायल खवळले. नोंद करायला हरकत नव्हती, गावाला खरोखर धोका आहे. पण हेरोदाच्या भिंती, १५४०चे सिनेगॉग आणि ती सातवी पायरी हाही त्या गावाचाच वारसा आहे, हे पॅलेस्टिनी नेत्यांनी आपल्या तोंडाने मोठ्याने सांगितले असते तर त्यांची बाजू कमी झाली नसती, वाढली असती. ज्यू इथे कालपरवा आलेले परके आहेत, असे म्हणणे हेब्रोनात उभे राहून तरी शक्य नाही.

या कथेतला अब्राहाम आपल्याला लांबचा नाही. कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींनी एकोणिसाव्या शतकात त्याची कथा मराठी कीर्तनात बसवली, अभंगाच्या चालीवर गायली. त्याच किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत बकरी ईदला इब्राहिमाच्या कुर्बानीची आठवण होते.

वर्षातल्या ज्यूंच्या दहा दिवसांत एक शनिवार सारेच्या मृत्यूचे प्रकरण वाचण्याचा असतो. त्या शनिवारी देशभरातून हजारो लोक हेब्रोनला येतात, तंबू ठोकतात. मुसलमानांचे इसहाकाचे दालन त्या दिवशी त्यांच्यासाठी उघडते, जुन्या बाजारात सैनिकांचा पहारा वाढतो आणि दुकानदार फळ्या ओढून घरी बसतात. आत गुंडाळी उघडून वाचक सुरात वाचू लागतो: सारेचे वय, एफ्रोनाचे शेत, ४०० शेकेल, गुहा, चतुःसीमेतली झाडे. वाचन लांबलचक आहे, इसहाकाच्या लग्नाची सगळी कथा त्यात येते. शेवटाकडे अब्राहाम म्हातारा होऊन मरतो, आणि वाचकाला पुढची ओळही त्याच दालनात, त्याच सुरात वाचावी लागते: त्याचे मुलगे इसहाक आणि इश्माएल यांनी त्याला मकपेलाच्या गुहेत पुरले.